उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला

भूकंपाला मी फारशी घाबरत नाही. तो कळवून येत नाही, आला की अर्धं मिनिट थांबतो आणि निघून जातो. मी घाबरते ती शिक्का मारलेल्या पत्राला. ते येतं, टेबलावर बसतं आणि हलत नाही. आपण जेवत असतो तेव्हाही आपल्याकडे बघत राहतं.

तसं एक पत्र मार्च महिन्यात आमच्या सान ब्लास गावच्या पाणी समितीला आलं. समितीची सचिव मी. हा मान मला विद्वत्तेमुळे मिळालेला नाही. मी लिहायला एकावन्नाव्या वर्षी शिकले, आणि उशिरा शिकलेलं माणूस प्रत्येक अक्षर पुरतं काढतं, कारण अर्धवट काढलेलं त्याचं त्यालाच वाचता येत नाही. त्यामुळे गावात माझं अक्षर सगळ्यांत सुवाच्य ठरलं, आणि दोनशे बारा घरांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे दर महिन्याला वहीत उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बावीस वर्षं उतरवते आहे.

पत्र खोऱ्यातल्या पाणी समित्यांच्या संघाकडून आलं होतं. आमचे अध्यक्ष फेर्मिन यांनी ते शाळेच्या खोलीत सभेपुढे वाचून दाखवलं. फेर्मिन यांचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे, पण हातात कागद आला की त्यांचा आवाज बिशपसारखा होतो.

"'सर्व समित्यांनी आपल्या नोंदी एप्रिलअखेर जोडणी-संचामार्फत संघाच्या ढगातल्या माहिती-गोदामाला जोडाव्यात.'"

"कशातल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"ढगातल्या."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सान ब्लास डोंगराच्या अशा खांद्यावर आहे की वर्षातले आठ महिने आम्ही ढगातच असतो. गोदाम आजवर कुणाला दिसलेलं नव्हतं.

"पुढे ऐका. 'गोदामात साठापेक्षा कमी घरं आढळल्यास ती समिती बरखास्त करून जवळच्या समितीत विलीन करण्यात येईल.'"

आता मात्र कुणी खिडकीबाहेर बघेना. जवळची समिती म्हणजे पाल्मिताल. पाल्मितालच्या पाण्यात इतकं औषध असतं की त्यांची कॉफी प्याली की दवाखान्याची फरशी चाटल्यासारखं वाटतं. आमचं पाणी झऱ्याचं. एकोणऐंशी साली गावाने स्वतः डोंगरावर पाइप चढवले. माझ्या नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर त्या पाइपाचा वळ मरेपर्यंत होता. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते आणि टाकीसाठी दगड वाहत होते. तो झरा पाल्मितालच्या हातात जायचा म्हणजे घरातला माणूस परक्याच्या ओसरीवर बसवल्यासारखं.

"घाबरायचं काय त्यात?" फेर्मिन म्हणाले. "आपली दोनशे बारा घरं आहेत. फक्त खाली एक रकाना आहे. 'जबाबदार व्यक्ती.'"

यानंतर सभेत छत बघण्याची स्पर्धा सुरू झाली. आमचा नळ कामगार नाउतिलियो, जो गावातला प्रत्येक पाइप डोळे मिटून शोधतो, तो आपल्या पान्यावरचा गंज नखाने काढू लागला. फेर्मिन स्वतः चष्मा पुसू लागले. काच झिजून जावी इतका वेळ पुसत होते.

"सही कशी, सुवाच्य हवी," शेवटी ते म्हणाले. "दोन्या सेनेइदा, तुमचं अक्षर..."

मी सही केली. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात, आणि मानाने म्हटलं की नाही म्हणता येत नाही.

घरी आले तर शेजारची एर्मिदा कुंपणाशी वाट बघत उभी होतीच. "निळ्या शाईने केलीस की काळ्या?"

"निळ्या."

"अरे देवा." तिने कपाळावर क्रूस काढला. "माझ्या मेव्हण्यानेही निळ्यानेच केली होती."

"मग काय झालं?"

"आता पनामात राहतो."

एवढं बोलून ती आत गेली. एर्मिदा कधीच गोष्ट पूर्ण सांगत नाही. उरलेली आपण रात्रभर जुळवत बसायची.

जोडणीचं काम जाणणारी गावात एकच बाई, इदाली. वय चाळीस, आणि हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळते. रविवारी ती माझ्या ओसरीवर आली. मी गुळाचं गरम पाणी केलं. नाउतिलियोही आला, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पाइपाचं काम आहे.

"पाइपच समजा," इदाली म्हणाली. "एका टोकाला दोन्या सेनेइदांची वही, दुसऱ्या टोकाला गोदाम. जोडणी-संच म्हणजे मधले पाइप, वळणं, जोड. तयार मिळतात. आपण फक्त लावायचे."

"किती इंची?" नाउतिलियोने विचारलं.

"इंच नसतात हो त्याला."

"हृदयाच्या नळीला असतात ना?"

"त्याला असतात."

"मग?" तो पुढे म्हणाला, "उलटी झडप आहे का? म्हणजे चुकीचं गेलं तर परत खेचता येतं का?"

"नाही," इदाली म्हणाली. "गोदामात गेलं ते गेलं."

नाउतिलियोने माझ्याकडे बघून मान हलवली. डॉक्टर नातेवाइकांकडे बघून हलवतात तशी.

मग आली किल्ली. मला वाटलं लोखंडाची येईल. ती आली कॉम्प्युटरवर, आणि ती म्हणजे चाळीस ओळी नुसती अक्षरं, एकालाही अर्थ नाही. "ही ज्याच्या हातात, त्याच्या हातात गोदाम," इदाली म्हणाली. "कुणाला म्हणजे कुणाला दाखवायची नाही." तिने ती माझ्या फोनवरही पाठवून ठेवली, कारण जबाबदार व्यक्ती मी.

आता मला सांगा, अशी वस्तू फोनमध्ये ठेवून झोप लागते का? फोन पाण्यात पडतो, गाय चावते. मी ती किल्ली हाताने वहीत उतरवली. दोन दुपारी लागल्या. मोठं अक्षर, छोटं अक्षर, मधेच एक तिरकी रेघ. एर्मिदा तीनदा साखर मागायला आली, आणि तिन्ही वेळा मी वहीवर आडवी झाले. "प्रेमपत्र लिहितेस का गं?" तिने विचारलं. या वयात हा आरोप सहन करणंही मला किल्ली दाखवण्यापेक्षा सोपं वाटलं.

पण अध्यक्षांना नाही म्हणता येतं का? फेर्मिन यांचा निरोप आला: समितीच्या प्रत्येक कागदाची प्रत अध्यक्षांकडे असते. मी वहीच्या पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला, मग पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. फेर्मिन यांनी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं: "आपल्या गोदामाची किल्ली आली! समितीचं अभिनंदन!" ग्रुपवर एकशे ऐंशी माणसं. त्रेचाळीस जणांनी टाळ्या पाठवल्या, एकाने देवमातेचं चित्र पाठवलं, आणि एकाने विचारलं की गोदामात सिमेंट मिळेल का.

इदालीचा कारखान्यातून फोन आला. तिचा आवाज इतका शांत होता की मी खुर्चीत बसले.

"दोन्या सेनेइदा, ग्रुपवर पाल्मितालची माणसं आहेत का?"

"तिघांच्या सुना तिथल्या आहेत."

"मग ही किल्ली मेली असं समजा. नवीन मागवावी लागेल."

नवीन किल्लीसाठी संघाला अर्ज. अर्जाला समितीच्या नोंदणीचा दाखला, तोही एक महिन्याच्या आतला. ओळखपत्राची प्रत, दोन्ही बाजूंनी. मी बसने दोन तास जाऊन सगळं दिलं. खिडकीतल्या माणसाने अर्ज परत सरकवला. "कारणाचा रकाना रिकामा आहे, बाई. किल्ली का रद्द झाली?"

मी पेन घेतलं आणि खरं तेच लिहिलं: "अध्यक्षांना आनंद झाला."

त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. असं कारण बहुधा रोज येत असावं.

किल्ली येईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी वहीतली घरं वाचून दाखवत होते आणि इदाली कॉम्प्युटरमध्ये भरत होती. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, आम्ही माझ्या ओसरीवर जमलो. आधी तीन घरं पाठवून पाहिली. पोचली. मग इदालीने सगळीच सोडली. कॉम्प्युटरवर हिरवी ओळ आली: दोनशे बारा नोंदी पाठवल्या, चूक शून्य. फेर्मिन यांनी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल आणले होते, ते सगळ्यांनी खाल्ले. नाउतिलियो तेवढा खात नव्हता. "पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं असतं," तो म्हणत होता. "इकडे तोटी फिरवून टाळ्या कसल्या वाजवता?"

सोमवारी इदालीने दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. गोदामात एकतीस घरं होती.

"बाकीची कुठे आहेत?" मी विचारलं.

"आहेत तिथेच. एकमेकांच्या आत."

ते गोदाम संघाने कुठल्याशा परदेशातून तयार विकत घेतलं होतं. त्या देशात म्हणे प्रत्येक दाराला नंबर असतो. त्यामुळे गोदाम घर ओळखतं ते पत्त्यावरून. दोन नोंदींचा पत्ता एक, म्हणजे घर एक. आणि आमचे पत्ते तर सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. कुठल्यातरी ठळक खुणेपासून इतके मीटर या दिशेला, इतके त्या दिशेला, हा पत्ता. शंभर मीटर म्हणजे एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत. मोजपट्टीने त्र्याहत्तर भरले तरी शंभरच. आमच्या गावाची ठळक खूण म्हणजे मोठा उंबर. तो अठ्ठ्याऐंशीच्या वादळात पडला. उंबर पडला म्हणून पत्ता कोण बदलतो? "उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला" या पत्त्यावर एकोणीस घरं आहेत. माझं आहे, एर्मिदाचं आहे. पत्र वाटणारा फातिमो चेहऱ्यांवरून पत्रं वाटतो आणि आजवर एकही चुकलेलं नाही.

गोदामाला चेहरे माहीत नव्हते. त्याने आमची एकोणीस घरं एकात कोंबली आणि सगळ्यांचं पाणी बेरीज करून त्या एका घराच्या नावावर टाकलं.

बुधवारी पत्र आलं. यावेळी लाल अक्षरांत. सान ब्लासमध्ये एकतीस घरं आढळल्यामुळे पाल्मितालमध्ये विलीनीकरणाची कारवाई सुरू करण्यात येत आहे. पुढच्या गुरुवारी प्रत्यक्ष तपासणी. तसंच उंबराजवळच्या एका घरात महिन्याला तीनशे चाळीस घनमीटर पाणी वापरलं जात असून तिथे बेकायदा बाटल्या भरण्याचा कारखाना असल्याचा संशय आहे. जबाबदार व्यक्तीने हजर राहावं.

त्यानंतर मी किराणा दुकानात गेले की दुकानातलं बोलणं थांबायचं. अंडी विकणारी बाई अंडी हळू मोजायची, जणू मी जिथे जाणार तिथे अंडी मिळत नाहीत. फेर्मिन मला रस्त्यात म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, घाई नको." कधी म्हणत होते ते विचारायचं धाडस झालं नाही. एर्मिदाने कुंपणावरून एक जाड स्वेटर दिला. "पनामात गरम असतं," ती म्हणाली, "पण तुरुंगात गार." मी रात्री अंथरुणात नवऱ्याच्या फोटोला विचारलं, अहो, आपला झरा मी घालवला का? तो फोटोत नेहमीसारखा थोडा चिडलेला दिसत होता.

इदालीने मार्ग काढला. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी त्या घराच्या मीटरवर कोरलेला नंबर लिहायचा. मग पत्ते वेगळे, घरं वेगळी. वहीत मी आकडे लिहीत होते, मीटरचे नंबर कधी लिहिले नव्हते. ते दारोदार जाऊन बघायला हवे होते, आणि तपासणीला पाच दिवस उरले होते.

नाउतिलियो पान्याने झाकणं उघडायचा, मी वाकून नंबर लिहायची. मीटर कुठे कुठे असतात हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. एक गुलाबाखाली होतं. एकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. मालकीणही तिला उठवायला तयार नव्हती. "दोन दिवसांत पिल्लं निघतील, मग या." एकाने मीटरवर सिमेंट ओतून त्यावर देवाचा कोनाडा बांधला होता. त्यात यादी हातात बघून लोकांना वाटलं, मी पत्ते दुरुस्त करते आहे. पास्टर अर्नुल्फो हात जोडून म्हणाले, "दोन्या सेनेइदा, तीस वर्षं माझ्या प्रार्थनाघराचा पत्ता 'गुत्त्यापासून पन्नास मीटर पूर्वेला' आहे. गुत्त्याचाच प्रार्थनाघरापासून करा ना." गुत्तेवाला मागेच उभा होता. त्याचीही हरकत नव्हती, पण त्याला पश्चिम नको होती, कारण पश्चिमेला त्याची सासू राहते. मी दोघांना सांगितलं की मी फक्त नंबर लिहिते. माझ्यावर दोघेही रुसले. आमच्या रांगेत मी या दारातून त्या दारात गेले, सगळीकडे हाक मारली, सगळीकडे कॉफी प्याले, आणि शेवटी मान इतकी आखडली की नाउतिलियोला मान न वळवता नमस्कार केला.

मंगळवारी इदालीने सगळं पुन्हा पाठवलं. यावेळी नाउतिलियोच्या आग्रहाखातर आम्ही तामाल न खाता लगेच दुसऱ्या टोकाला पाहिलं. घरं आली होती. वेगवेगळी आली होती. मी देवमातेपुढे गुडघे टेकले.

"फक्त एक आहे," इदाली म्हणाली.

मी गुडघ्यांवरच राहिले.

"जुनी एकतीस घरंही तिथेच आहेत. पुसता येत नाहीत."

म्हणजे सान ब्लासमध्ये आता एकतीस घरं अशी होती की जी नव्हती. आणि त्या सगळ्यांखाली माझी निळी सही.

फेर्मिन यांनी तातडीची सभा घेतली. मी म्हटलं, तपासणीला जो कुणी येईल त्याला खरं सांगू. पण भ्यालेलं गाव खरं ऐकत नाही. "खोट्या नोंदी म्हणजे बरखास्ती!" फेर्मिन म्हणाले. "नोंद एकतीस घरांची आहे ना? मग एकतीस घरं दाखवू." बिशपच्या आवाजात सांगितलेली गोष्ट लोकांना पटते. बुधवारी गावभर हातोड्यांचे आवाज येत होते. बैलगाडीच्या छपराला पडदे लागले. कॉफी वाळवायच्या पडवीत एक पलंग आणि एक आजोबा ठेवले. मी प्रत्येकाच्या पाया पडत फिरत होते आणि प्रत्येक जण म्हणत होता, "तुम्ही घरी बसा, दोन्या सेनेइदा, तुमच्याच चांगल्यासाठी चाललंय."

गुरुवारी सकाळी संघाच्या तपासनीस बाई आल्या. नाव ग्रेतेल, पायात रबरी बूट, हातात यादी. पहिलाच प्रश्न: "उंबर कुठे होता?"

चौकात पाच म्हातारे बसले होते. पाच बोटं पाच दिशांना गेली, आणि मग त्यांचं आपसात जुंपलं. ग्रेतेलबाईंनी त्यांना तिथेच सोडलं आणि चालायला लागल्या. मी मागे.

सत्तर-ऐंशी घरं नीट जमली. मग आम्ही पाव भाजायच्या भट्टीपाशी आलो. भट्टीला फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्यापुढे खुर्चीवर एर्मिदा केस विंचरत बसली होती.

"इथे राहता?" ग्रेतेलबाईंनी विचारलं.

"जन्मापासून," एर्मिदा म्हणाली.

"किती खोल्या?"

एर्मिदाने मागे वळून भट्टीच्या तोंडाकडे पाहिलं. "एकच. पण उबदार आहे."

"आणि अर्ध्या तासापूर्वी शंभर मीटर दक्षिणेला ज्या बाईंनी मला कॉफी दिली, त्या कोण?"

"जुळी बहीण."

"तिच्याही गालावर हाच तीळ होता."

"म्हणून तर जुळी."

माझ्याच्याने राहवेना. मी भट्टीच्या कठड्याला धरलं. "बाई," मी म्हटलं, "हे घर नाही. पुढे पडद्यांची अजून तीस आहेत, तीही नाहीत. आम्ही आधी चुकीचं पाठवलं, मग बरोबर पाठवलं, आणि चुकीचं पुसता येईना. सही माझी आहे. मला न्यायचं तर न्या, पण झरा पाल्मितालला देऊ नका. तो आम्ही खांद्यावर आणलाय."

ग्रेतेलबाई एर्मिदाच्या शेजारच्या दगडावर बसल्या आणि त्यांनी एक बूट काढून त्यातला खडा पाडला. "या आठवड्यात माझं हे सहावं गाव," त्या म्हणाल्या. "परवा एका गावात मला चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात एक कुटुंब दाखवलं. चुलीसकट. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग आता?"

"आता काय? तुमची खरी घरं साठाच्या तिप्पट आहेत. समिती राहते." त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "खोटी पुसता येत नाहीत, पण त्यांच्यावर 'निर्जन' अशी नोंद करता येते. जबाबदार व्यक्तीने प्रत्येकीवर सही करायची."

मी तिथेच भट्टीच्या कट्ट्यावर एकतीस सह्या केल्या. डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं दिसत नव्हती, पण हात चालत होता. चर्चची घंटा वाजली. फेर्मिन यांनी भाषण केलं आणि त्यात सांगितलं की सत्याचा मार्ग आपण पहिल्यापासून सुचवत होतो. आजोबांना पडवीतून आणायचं विसरले, ते संध्याकाळी स्वतःच आले.

त्या महिन्यात मी शांत झोपले. जूनमध्ये शिक्का मारलेलं पत्र आलं.

"उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला, मीटर क्रमांक नाही. सदर घर आपल्या सहीने निर्जन घोषित झालेलं असूनही तिथे तीन घनमीटर पाणी वापरलं गेलं आहे. तिथे कुणी राहत असल्याची आठ दिवसांत खात्री न झाल्यास नळ तोडण्यात यावा."

मी पत्र घेऊन इदालीकडे गेले. तिने कॉम्प्युटर उघडला, यादी वर-खाली केली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी विचारलं, "कोण आहे गं तिथे?"

"दोन्या सेनेइदा, तुम्ही सगळ्यांच्या दारात जाऊन नंबर घेतले ना?"

"एकही दार सोडलं नाही."

"स्वतःचं?"

स्वतःच्या दारात जाऊन हाक कोण मारतं? माझ्या घराचा नंबर मी लिहिलाच नव्हता. नंबर नसलेलं माझं घर गुपचूप त्या जुन्या, खोट्या नोंदीत जाऊन राहिलं होतं, आणि त्या नोंदीवर मी भट्टीच्या कट्ट्यावर बसून, सुवाच्य अक्षरात, निर्जन म्हणून सही केली होती.

"मग लिहून टाकू की मी राहते!"

इदालीने पत्राला जोडलेला फॉर्म वाचून दाखवला. खात्री जबाबदार व्यक्तीने प्रत्यक्ष जाऊन करावी. रहिवाशाला दारातून हाक मारावी. आतून आलेलं उत्तर जसंच्या तसं लिहावं. आणि खाली, बारीक अक्षरात: हाक मारणारी आणि उत्तर देणारी व्यक्ती एकच असू नये.

आठव्या दिवशी सकाळी नाउतिलियो पाना घेऊन आला. "वाईट वाटतं," तो म्हणाला, "पण आदेश आहे. सहीही तुमचीच आहे."

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"मला दिसताय. पण मी पाइपवाला. माझ्या दिसण्याला काय किंमत?" त्याने पाना जमिनीवर टेकवला. "मी आत जाऊ का? तुम्ही बाहेरून हाक मारा. मी उत्तर देतो."

तो आत गेला. मी दार ओढून घेतलं, फाटकाबाहेर आले, फॉर्म आणि पेन हातात धरलं. एर्मिदा कुंपणावर कोपर टेकून उभी होती. आज तिने काही विचारलं नाही, यावरूनच प्रकरणाचं गांभीर्य समजा. आमच्याकडे दार वाजवत नाहीत. फाटकाशी उभं राहायचं आणि "उपे!" अशी हाक मारायची. पंचेचाळीस वर्षं त्या फाटकाच्या आत मी ती हाक ऐकली आहे. बाहेरून कधी मारली नव्हती.

"उपे!" मी म्हटलं.

आत काहीच हललं नाही. नंतर चपला घासल्याचा आवाज आला, दार चार बोटं उघडलं आणि नाउतिलियोचं नाक दिसलं. तो प्रामाणिक माणूस आहे, काम अर्धवट करत नाही.

"कोण पाहिजे?"

"पाणी समितीकडून आलेय." मी फॉर्म वर धरला. "इथे सेनेइदाबाई राहतात का?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे वळून अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं.

"थांबा," तो म्हणाला, "आत बघून सांगतो."

दार लागलं. मी उन्हात उभी राहिले. त्याची पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिथून मागच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. आणि खोटं कशाला सांगू, तो परत येऊन काय सांगेल याची मला खरोखर भीती वाटत होती.